हजेरीपटाबाहेर

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही सरकारी कचेरीत ३१ मे रोजी दुपारी चारनंतर काही काम घेऊन गेलात, तर ते काम त्या दिवशी बहुधा होत नाही. टेबले ओस पडलेली असतात, पंखे तेवढे फिरत असतात आणि आतल्या मोठ्या खोलीतून माइकची खरखर, टाळ्या, मधूनच दाटून आलेला एखादा आवाज कानी येतो. तेथे शाल, श्रीफळ, फेटा आणि सफारीचे कापड यांच्या साक्षीने कोणीतरी तीस-तेहतीस वर्षांच्या चाकरीतून मोकळे होत असते. महिन्याअखेरीस निवृत्त होण्याचा शिरस्ता बाराही महिने चालतो, परंतु ३१ मेची गर्दी इतर कोणत्याही महिन्याला नसते, आणि तिचे कारण कचेरीत नसून खेड्यातल्या शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात आहे. ज्या पिढीचे जन्म ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ किंवा ‘थोरली म्हैस व्याली त्या वर्षी’ अशा नोंदींनी घरोघर लक्षात ठेवले जात, त्या पिढीच्या मुलांना जूनमध्ये पहिलीत बसवताना गुरुजींनी बोटावर सहा वर्षे मोजली आणि सरसकट ‘१ जून’ लिहून टाकले. महाराष्ट्राच्या सेवानियमाप्रमाणे कर्मचारी ५८ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो (चतुर्थ श्रेणीतला ६०व्या वर्षी), आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, त्याला आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस लागतो. गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेली मंडळी १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे शाळेत दाखल झालेली. त्या दिवसांत खडूने माखलेल्या हातांनी एकाखाली एक तारखा मांडणाऱ्या मास्तरांनी त्यांचा जन्मदिवसच नव्हे, तर निरोपाचा दिवसही त्याच ओळीत ठरवून टाकला होता.

या निरोपाला आपण ‘सेवानिवृत्ती’ म्हणतो. निवृत्ती हा शब्द मोठा, वेदान्तातला, प्रवृत्तीच्या जोडीने येणारा. त्यामुळे तो उच्चारताच निवृत्त होणाऱ्याच्या मस्तकाभोवती एक प्रभावळ निर्माण होते आणि वक्ते त्याला उर्वरित आयुष्य ईश्वरचिंतनात घालवण्याचा सल्ला देऊन मोकळे होतात. सप्टेंबर १९४८पर्यंत जालना ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथल्या उर्दू दप्तरात याच प्रसंगाला वेगळी परिभाषा होती. पेन्शनला तेथे ‘वजिफा’ म्हणत, सन्मानाने पेन्शनीत निघालेल्यास ‘वजिफायाब’ म्हणत, आणि चाकरीतून मुक्त झालेल्या माणसासाठी ‘सुबुकदोश’ असा एक सुंदर शब्द वापरीत. सुबुकदोश म्हणजे ज्याचे खांदे हलके झाले तो. या शब्दात परमार्थ नाही, निवृत्तीचा आव नाही. ओझे उतरले एवढीच साधी वस्तुस्थिती आहे. मात्र शिणलेला हमाल पोते उतरवतो तेव्हा पहिली दहा पावले त्याला धड चालता येत नाही, हे मोंढ्यात उभे राहून ज्याने पाहिले असेल, त्याला या शब्दातली अर्धी राहिलेली गोष्टही कळेल. प्रस्तुत प्रकरण त्या दहा पावलांविषयी आहे.

निवृत्तीची तयारी म्हणून आपण जे करतो ते जवळजवळ सर्व पैशाचे असते. सेवापुस्तकाची पडताळणी, ना-देय प्रमाणपत्र, ना-चौकशी प्रमाणपत्र, उपदान, अर्जित रजेचे रोखीकरण, निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण करावे की न करावे याचा वर्षभर चालणारा खल, आणि मग नागपूरच्या महालेखापालांकडे रवाना झालेल्या प्रकरणाची प्रतीक्षा, यांत माणूस इतका गुंतलेला असतो की, पुढच्या काळाच्या लांबीकडे त्याचे लक्ष जात नाही. साठीला पोहोचलेल्या भारतीय माणसाला सरासरीने आणखी १७-१८ वर्षांचे आयुष्य असते. पंचविसाव्या वर्षी नोकरीस लागलेल्याची सेवा ३३ वर्षांची धरली, तर तिच्या निम्म्याहून अधिक काळ अद्याप पुढे पडलेला असतो. आणि त्या काळाचे अंदाजपत्रक कोणत्याच विभागात मांडले जात नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८९ साली म्हाताऱ्या कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा पात्रतेचे वय ७० होते आणि तेथवर पोहोचणारेच थोडे होते. म्हणजे निवृत्ती ही कल्पना ज्यांनी काढली, त्यांच्यापुढे वीस वर्षांच्या रिकाम्या दुपारींचा प्रश्न नव्हताच.

माझ्या परिचयाचे एक अव्वल कारकून होते. उभी हयात महसुलात गेली. बारनिशीपासून कुळकायद्यापर्यंत सर्व टेबले फिरलेली. १९५४-५५च्या खासरा पाहणीपत्रकातली कोणत्या गावची पाने कोणत्या बस्त्यात आहेत, हे अभिलेखागाराच्या यादीपेक्षा त्यांच्या स्मरणात अधिक बिनचूक होते. कचेरीत त्यांना सगळे ‘भाऊसाहेब’ म्हणत. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी तिरुपती, गाणगापूर आणि पुण्याची लेक असे फिरण्यात काढले. तिसऱ्या महिन्यात ते सकाळी दहाला अंघोळ आटोपून, इस्त्रीचे कपडे घालून, कचेरीसमोरच्या टपरीवर चहाला जाऊ लागले. प्रारंभी चार माणसे उठून नमस्कार करीत, एखादा कागद दाखवीत. पुढे उठणारी दोन झाली. एके दिवशी ते सवयीने आत गेले, आपल्या जुन्या टेबलाजवळ उभे राहिले, आणि तेथे नव्याने रुजू झालेल्या मुलाने संगणकावरची नजर न काढता, अत्यंत सौजन्याने विचारले, ‘काका, काय काम होतं?’ त्या मुलाचा काहीही अपराध नव्हता. परंतु भाऊसाहेबांचा ‘काका’ झाला होता आणि काम तर काहीच नव्हते. ते घरी आले ते पुढचे सहा महिने टपरीकडे फिरकले नाहीत. रक्तदाब वाढला, जेवणावरून कुरबुरी सुरू झाल्या आणि मुलाने शहरातल्या वैद्याकडे नेले तेव्हा त्याने गोळ्या लिहून दिल्या.

रॉबर्ट ॲचली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली निवृत्तीचे टप्पे वर्णिले, त्यांत हाच क्रम आहे: आधी मधुचंद्राचा काळ, मग भ्रमनिरास, मग नव्याने घडी बसवणे आणि शेवटी स्थैर्य. सर्वांनाच सगळे टप्पे लागतात असे नाही, आणि ही वर्णने पंचांगासारखी वापरू नयेत. तथापि मधुचंद्र संपल्यावरची ती पोकळी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना निदान एवढे सांगता येते की, हा तुमच्या स्वभावाचा दोष नव्हे. जगभरातल्या माणसांना याच वळणावर ठेच लागते.

आता नोकरीबरोबर नेमके जाते काय? अधिकार जातो असे म्हणावे, तर बारनिशीतल्या कारकुनाला कसला अधिकार होता? काम जाते म्हणावे, तर काम उरकत नाही म्हणून हीच माणसे तीस वर्षे कपाळाला हात लावून बसलेली आपण पाहिली आहेत. माझ्या मते जाते ती हजेरी. सकाळी सव्वादहापर्यंत आपण आलो नाही, तर मस्टरवर लाल शाईची खूण होईल, शिपाई विचारील, शेजारचा सहकारी फोन करील, साहेब रागावतील. आपल्या नसण्याची कोठेतरी दखल घेतली जाईल, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलेले असते. हजेरीपट हा जाचाचा कागद म्हणून आपण त्याचा तिरस्कार केला. पण ‘हा माणूस आज का आला नाही?’ असा प्रश्न रोज विचारणारी तीच एक वही होती. निवृत्तीनंतर माणसे भेटत नाहीत असे नाही. विवाह, मुंजी, दहावे-तेरावे यांतून ती हवी तेवढी भेटतात. आपण गेलो नाही तर अडेल असे स्थान मात्र उरत नाही.

या समजुतीला शास्त्राचा आधार कितपत आहे, हे पाहण्यासारखे आहे. ज्युलियन होल्ट-लुन्स्टाड या अमेरिकन विदुषीने सहकाऱ्यांसमवेत २०१० साली १४८ अभ्यासांतील ३ लाख ८ हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून तपासली. सरासरी साडेसात वर्षांच्या कालावधीत, ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते त्यांची जिवंत राहण्याची शक्यता इतरांहून ५० टक्क्यांनी अधिक आढळली. अशा आकड्यांपुढे थोडे सावध राहावे, कारण आजारी माणूस आपोआपच घराबाहेर कमी पडतो आणि मग कारण कोणते व कार्य कोणते हे सांगणे कठीण होते. त्यासाठी संशोधकांनी आरंभीच्या प्रकृतीचा हिशेब वेगळा केला होता, आणि तरी फरक टिकला. त्याहून लक्षणीय बाब अशी की, हा संबंध सर्वांत ठळक दिसला तो केवळ ‘एकटा राहतो की कुटुंबात’ एवढेच विचारणाऱ्या अभ्यासांत नव्हे, तर माणूस किती प्रकारच्या नात्यांत व व्यवहारांत गुंतला आहे हे बारकाईने मोजणाऱ्या अभ्यासांत. म्हणजे भरल्या घरात राहणारा माणूसही एकाकी असू शकतो, ही गोष्ट आपल्या आजीला ठाऊक होती. आता ती आकड्यांतही आली.

स्मृतिभ्रंशावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४मध्ये ज्या १४ टाळण्याजोग्या जोखमी नोंदवल्या, त्यांत सामाजिक एकटेपणाबरोबर मंदावलेली श्रवणशक्ती आणि उपचार न केलेली अधू दृष्टी यांचाही समावेश आहे. या तिन्ही बाबी वेगळ्या मांडल्या असल्या, तरी व्यवहारात त्या एकाच माळेचे मणी होत. ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांत बसायचे टाळतो, ‘काय म्हणाला?’ असे तिसऱ्यांदा विचारण्याची लाज वाटते. दिसत नाही म्हणून संध्याकाळी सातनंतर उंबरा ओलांडीत नाही. आणि घरचे म्हणतात, ‘त्यांना आता माणसं नको वाटतात.’ मोतीबिंदूच्या बाबतीत जालनेकरांना सबब सांगायला जागा नाही. महिको ही बियाण्यांची कंपनी १९६४ साली जालन्यात स्थापन करणारे आणि १९९८चे जागतिक अन्न पारितोषिक मिळवणारे बद्रिनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले श्री गणपती नेत्रालय गावातच आहे, आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे तेथे डोळे दाखवायला येतात. श्रवणयंत्राविषयी मात्र आपल्याकडे अजून विचित्र संकोच आहे. चष्मा लावल्याने विद्वत्ता दिसते आणि कानात यंत्र घातल्याने म्हातारपण, अशी आपली समजूत. निवृत्त होणाऱ्यास सफारीचे कापड देण्याऐवजी सहकाऱ्यांनी कानांची तपासणी करून दिली, तर ते अधिक उपकारक होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

येथे कोणी म्हणेल, ही सारी नोकरदारांची दुखणी. जालना जिल्ह्याच्या साडेएकोणीस लाख लोकवस्तीपैकी (ही २०११ची खानेसुमारी) पाचात चार माणसे खेड्यांत, आणि शेतकऱ्याला कुठली आली निवृत्ती? हे पुष्कळ अंशी खरे आहे. भोकरदन किंवा मंठ्याकडच्या एखाद्या वाडीत पंच्याहत्तरीचा म्हातारा आजही दिवस उगवताच धुरे-बांध पाहून येतो, गाईला वैरण टाकतो, मोसंबीच्या बागेत पाणी कुठवर आले ते काठीने माती उकरून पाहतो. त्याला कोणी पगार देत नाही, पण तो दोन दिवस तापाने पडला तर वासरू हंबरते आणि सून म्हणते, ‘आबा नाहीत तर गोठ्याला कळा नाही.’ ही हजेरीच होय, आणि अत्यंत सन्मानाची. परंतु बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, शेत बटईने गेले, मुले वाळूज किंवा चाकणच्या कारखान्यात लागली, की हा म्हाताराही पेन्शनविनाच निवृत्त होतो. त्याला निरोपाची शाल तेवढी मिळत नाही. त्याच्यासाठी आषाढीची वारी, हरिनाम सप्ताह, पहाटेचा कार्तिकातला काकडा हे मोठे आधार आहेत. यांत केवळ भक्ती पाहणारा अर्धेच पाहतो. सप्ताहात वीणा अखंड खांद्यावर राहावी लागते, पहाऱ्याच्या पाळ्या लागतात, आणि रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला ज्याचे नाव आहे तो आला नाही, तर त्याच्या दारावर थाप पडते. गावोगावच्या सप्ताहाच्या फळ्यावर खडूने लिहिलेली ती पहाऱ्याची यादी मी जेव्हा पाहतो, तेव्हा मला दुसरा हजेरीपट दिसतो.

उलट बाजूस एक नाव असे आहे की, जे घेतल्याशिवाय निवृत्तीचे कोणतेही मराठी भाषण पुरे होत नाही, आणि मी तरी का टाळावे? धोंडो केशव कर्वे यांनी १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन संपवले आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यांचा जन्म १८५८चा. म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनेच्या वेळी ते ५८ वर्षांचे होते, नेमके त्या वयाचे, ज्या वयात आज महाराष्ट्र शासन माणसाला शाल देते. पुढे १९३६ साली, ७८व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि शताब्दीच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. हे उदाहरण ऐकून बहुतेक निवृत्तांच्या मनात उमेद जागण्याऐवजी अपराधी भाव येतो, असे मी पाहिले आहे. कारण प्रत्येकाच्या अंगी विद्यापीठ काढण्याचे सामर्थ्य नसते. अण्णासाहेब कर्व्यांकडून घेण्यासारखी गोष्ट विद्यापीठ नव्हेच. निवृत्तीच्या क्षणी त्यांच्या हाती अठरा-वीस वर्षांपूर्वी सुरू केलेले हिंगण्याच्या विधवाश्रमाचे काम आधीच चालू होते, ही खरी शिकण्याची बाब. नोकरी सुटली तेव्हा त्यांना नवे काही शोधावे लागले नाही. ज्या घरात आधीच एक पाय होता तेथे दुसरा टाकला.

म्हणून निवृत्तीनंतरचे काम निवृत्तीपूर्वी निदान दोन-तीन वर्षे हाताशी धरावे, आणि ते शक्य तितके लहान, परंतु ठरल्या वाराचे असावे. जालन्याजवळ खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. कडवंचीचे पाणलोट आणि तेथली द्राक्षे ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, ते विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे हे केंद्र. तेथे महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरते. निमंत्रणपत्रिकेची वाट कोणी पाहत नाही, तारीख हेच निमंत्रण. या एका युक्तीत मोठे शहाणपण आहे. ‘कधीतरी भेटू या’ असे म्हणणारी माणसे भेटत नाहीत. ‘पाच तारीख’ म्हणणारी भेटतात. निवृत्त माणसाने आपल्या महिन्याच्या कॅलेंडरावर असे चार दिवस कायमचे बांधून घेतले, तर उरलेल्या सव्वीस दिवसांची आळशी मौज त्याला सुखाने भोगता येईल.

कामे नाहीत असे म्हणणाऱ्यांनी जालन्याचे पाणीच पाहावे. निजामी अमदानीत बांधलेल्या आणि उताराच्या बळावर नव्या जालन्याला पाणी देणाऱ्या घाणेवाडी तलावात वर्षानुवर्षांचा गाळ साचला होता. नागरिकांनीच जलसंरक्षण मंच स्थापन करून तो उपसण्याचे काम हाती घेतले आणि २०१२-१३च्या दुष्काळाने त्या कामाची निकड साऱ्या गावाला पटवली. अशा कामात यंत्राला डिझेल लागते, शेतकऱ्याला गाळ न्यायला ट्रॅक्टर लागतो. पण कोणाचे ट्रॅक्टर किती खेपा करून गेले याची वही कोणीतरी सावलीत बसून चोख लिहावी लागते. उभ्या आयुष्यात ज्याने दप्तर सांभाळले त्याच्याहून हे काम अधिक चांगले कोण करील?

दुसरे उदाहरण त्याहून निराळे आहे. २०२३च्या उत्तरार्धात मराठवाड्यातल्या निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती काम करू लागली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचू शकणारी माणसे शोधावी लागली. आरक्षणाच्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. परंतु जे ज्ञान निरुपयोगी म्हणून आपण म्हाताऱ्यांबरोबर घरी पाठवले होते, त्याच्यासाठी एका सकाळी सरकार दार ठोठावू लागले, एवढे मात्र सर्वांनी पाहिले. माझ्या भाऊसाहेबांचाही उद्धार अशाच वाटेने झाला. गावच्या एका माणसाला आजोबांच्या नावचा जुना खासरा हवा होता. भाऊसाहेबांनी त्याला अर्ज कसा लिहावा, कोणता गट, कोणते जुने सर्व्हे नंबर हे सांगितले. त्याने दुसऱ्याला सांगितले. आता ते दर आठवड्याच्या बाजारादिवशी गावातल्या मारुतीच्या पारावर, दहा ते एक, एक चष्मा आणि एक पेन घेऊन बसतात. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. गेल्या पावसाळ्यात एका बाजाराला ते गेले नाहीत, तर दुपारपर्यंत तीन फोन आले. हे मला सांगताना त्यांनी तक्रारीचा सूर लावला होता, पण तो त्यांना नीटसा साधला नाही.

शिक्षकांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जुलै २०२३मध्ये शासनाने जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिक्त जागांवर सेवानिवृत्त गुरुजींना दरमहा २०,००० रुपये मानधनावर, ७० वर्षे वयापर्यंत नेमण्याचा निर्णय घेतला आणि डी.एड. होऊन वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणाऱ्या तरुणांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. माझे मत त्या तरुणांच्या बाजूचे आहे. म्हाताऱ्याला उद्देश मिळावा म्हणून तरुणाची भाकरी जाता कामा नये. निवृत्ताने जागा अडवू नये, फट बुजवावी. वाचनात मागे पडलेल्या चार मुलांना शाळा सुटल्यावर ओसरीवर बसवून घेणारे गुरुजी किंवा बाई यांना कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही, आणि त्यांच्याशी कोणाची स्पर्धाही नाही.

बायकांविषयी थोडे. निवृत्त होणाऱ्या स्त्रीला, मग ती परिचारिका असो की मुख्याध्यापिका, पुरुषासारखा धक्का बसत नाही, असे सांगितले जाते, आणि त्याचे कारण म्हणून तिचा ‘समंजस स्वभाव’ पुढे केला जातो. खरे कारण असे की, तिची एक नोकरी कधी सुटतच नाही. स्वयंपाकघराला ३१ मे नसतो. तिने नोकरीच्या काळातही शेजार, माहेर, भिशी, भजनी मंडळ यांचे धागे तुटू दिले नव्हते, म्हणून ती तरून जाते. पुरुषाने मात्र सर्व स्नेहसंबंध कचेरीवर सोपवलेले असतात आणि कचेरी संपताच तो सगळा भार पत्नीवर येऊन पडतो. जपानी भाषेत अशा निवृत्त नवऱ्याला ‘ओले गळलेले पान’ म्हणतात. झाडूने कितीही लोटले तरी चिकटूनच राहते. आपल्याकडे असा शब्द नाही, पण ‘यांना कुठेतरी पाठवा हो!’ हे वाक्य जालन्यातल्या कितीतरी ओट्यांवर मी ऐकले आहे. यावर उपाय काही अंशी ज्येष्ठ नागरिक संघ करतात. त्यांचा राज्यव्यापी महासंघ, ज्याला फेस्कॉम म्हणतात, १९८० पासून कार्यरत आहे. कोठे हे संघ उत्तम चालतात, कोठे वाढदिवस आणि सत्कार यांपलीकडे त्यांची मजल जात नाही. पण ठरलेली वेळ आणि ठरलेले बाकडे एवढे जरी मिळाले, तरी नवऱ्याला सायंकाळी साडेपाचला चपला घालाव्या लागतात, आणि ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय ६५ वर्षांनंतर एसटीचे अर्धे तिकीट, आणि ऑगस्ट २०२२मध्ये ७५ पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत झाल्यापासून राजूरच्या गणपतीला, जांब समर्थला किंवा नुसतेच जुन्या सोबत्याच्या गावाला जाऊन येणे पैशासाठी अडत नाही. मोबाइलवरच्या ‘शुभ सकाळ’ला भेट समजू नये, एवढेच मी म्हणेन, तो निरोप पन्नास जणांना एकदम जातो आणि त्यातल्या एकाचीही वाट कोणी पाहत नाही.

नोव्हेंबर महिन्यात शासन आपल्या निवृत्तांची वर्षातून एकदा हजेरी घेते. तिला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी त्यासाठी कोषागारात किंवा बँकेत जाऊन, यादीतले आपले नाव शोधून, पुढे सही करावी लागे. रांग लांब असे, बसायला बाक अपुरे पडत, आणि पेन हमखास दोरीने बांधलेले असे. पण त्या रांगेत पंधरा वर्षांपूर्वी परतूरला एकत्र असलेले दोन ग्रामसेवक भेटत, यादीत कोणाचे नाव या वर्षी नाही ते कळे, आणि सही झाल्यावर चार जण मिळून गरम भजी खात. नोव्हेंबर २०१४मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आली, आणि आता तर मोबाइलपुढे चेहरा धरला तरी आपण जिवंत असल्याचे सिद्ध होते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हे वरदान आहे, यात संशय नाही. ज्यांचे पाय चालतात त्यांनी मात्र ही सोय वापरू नये. बँकेत जावे, जुना सोबती बरोबर घ्यावा, आणि रांग लांब असेल तर तिच्याबद्दल तक्रार करू नये.

आणि जे अद्याप नोकरीत आहेत त्यांना एक विनंती. येत्या ३१ मेला तुमच्या कचेरीतून, शाळेतून कोणी निघत असेल, तर समारंभ जरूर करा, भाषणेही करा. पण सप्टेंबरात, मधुचंद्राचे दिवस सरल्यावर, एकदा त्यांच्या घरी जा. आणि जाताना मिठाईचा पुडा नेऊ नका, तुम्हाला खरोखर न उलगडलेला एखादा कागद घेऊन जा.